घर दिसू नये, पण ते आपलंच असावं

प्रश्न: दारव्हा तालुक्यातलं आमचं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. त्याआधी त्या घराला विषय करून अमूर्त चित्रं करायची आहेत. नुसते चौकोन आखले तर ते कुणाचंही घर वाटतं. दार, कवेलू (कौलं) काढले की सरळ घराचंच चित्र होतं. काय करावं? घरचीच माती रंगात चालेल का?

उत्तर: समोरून घर काढणं आधी सोडा. उतरतं छप्पर आलं की डोळा दुसरं काही पाहतच नाही. टेप घ्या आणि नकाशा काढा. 1 फुटाला 1 इंच धरलं, तर 24 बाय 36 फुटांचं घर 24 बाय 36 इंचांच्या कॅनव्हासवर नेमकं बसतं. प्रत्येक खोलीचे कर्णही मोजा, नाहीतर वाकडी सपरी (पडवी) कागदावर आपोआप काटकोनात येते.

भिंत मात्र एका रेघेत उरकू नका. बहुतेकांचं इथंच बिघडतं. दोन फुटी मातीची भिंत म्हणजे दोन इंचांचा पट्टा. नऊ इंची विटांची जेमतेम पाऊण इंच. कोनाडे, देवळ्या त्या जाडीतच कोरलेल्या असतात. ती जाडी गेली की उरतो तो कुणाचाही चौकोन. काचेचं कवेलू असेल तर भुईवर पडणारा कवडसा दर तासाला खडूनं आखा आणि त्याच मापात नकाशावर घ्या.

चित्रकार झरीना हाश्मींची 1999 सालची 36 लाकूडठशांची मालिका जरूर पाहा. घराची आठवण तिथं मोजक्या काळ्या रेघांत आणि एकेका उर्दू शब्दात आहे.

माती चालेल, पण शेतातली काळी नको. ती वाळताना आकसते, भेगा पडतात. भिंतीचंच ढेकूळ रात्रभर भिजवा. तरंगणारं कुटार (भुसा) काढा, ढवळून अर्धा मिनिट थांबा. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, त्या पाण्यात खाली बसलेला गाळ वाळवून बारीक कुटा. दोन वाट्या मातीला एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी पाणी. फेव्हिकॉल कमी पडला तर माती बोटाला लागते, जास्त झाला तर रंग काळपट आणि चकचकीत. थर पातळच द्या. जाड हवा असेल तर प्लायवुड घ्या, कारण कॅनव्हास हलतो आणि माती तडकते. चुना मिसळणार असाल तर गेरू टिकेल, प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तपकिरी पडेल.