वाचकांचे प्रश्न : सेंट ब्रिजिडचा क्रॉस आणि ताकातला पाव

प्रश्न : आम्ही डब्लिनमध्ये राहतो. मुलगी पाच वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. सेंट पॅट्रिक डे जवळ आला की शाळेतून शॅमरॉकची (तीन दलांच्या हिरव्या पानाची) चित्रे रंगवायला येतात आणि दहा मिनिटांत संपतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुट्ट्यांत मुले रमतील आणि इथल्या सणांची ओळखही होईल, असे काही उपक्रम सुचवाल का?

उत्तर : १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक डेची वाट न पाहता आपण १ फेब्रुवारीपासूनच सुरुवात करावी. तो सेंट ब्रिजिडचा दिवस असून आयर्लंडमध्ये परंपरेने तिथूनच वसंत ऋतू धरला जातो. २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही मिळते, जी बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते. किल्डेअरला मठ स्थापन करणाऱ्या या संत स्त्रीने मरणासन्न सरदाराजवळ बसून जमिनीवर पसरलेल्या लव्हाळ्यांचा क्रॉस विणला, अशी आख्यायिका आहे. तसा क्रॉस आजही दारावर लावतात.

लव्हाळे मिळाले नाहीत तर पाइप क्लीनर घ्यावेत. लहान बोटांना तेच सोपे जातात. एक काडी उभी धरावी, दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अडकवावी आणि मोकळी टोके उजवीकडे ठेवावीत. मग सगळे डावीकडे पाव वळण फिरवावे, म्हणजे ती टोके वर येतील. नवी दुमडलेली काडी वर आलेल्या सर्व काड्यांभोवती घालून टोके पुन्हा उजवीकडे काढावीत, आणि हाच क्रम चालू ठेवावा. मधला चौकोन हळूहळू भरत जातो, तो घट्ट राहील एवढेच मोठ्यांनी पाहावे. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधावेत. सात वर्षांच्या मुलाला ‘पाव वळण’ आणि ‘काटकोन’ शिकवायला मला तरी याहून चांगले साधन दिसत नाही.

शॅमरॉक करायचाच असेल तर हिरव्या कागदाचे तीन बदाम देठाशी जोडावेत. तीनच. चार पानांचे क्लोव्हर हे नशिबाचे चिन्ह म्हणून दुकानांत सर्रास दिसते, पण सेंट पॅट्रिकने त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती कल्पना) समजावण्यासाठी वापरले असे सांगतात ते पान तीन दलांचेच.

एखादी दुपार सोडा ब्रेडसाठी राखून ठेवावी. साडेचारशे ग्रॅम मैद्यात एकेक चमचा मीठ आणि खाण्याचा सोडा चाळून त्यात सुमारे चारशे मिलिलीटर आंबट, दाट ताक घालावे. त्याआधी चिमूटभर सोडा वाटीभर ताकात टाकून मुलांना फेस दाखवावा, कारण यीस्ट नसतानाही हा पाव फुगतो तो याच वायूमुळे. पीठ कणकेसारखे मळू नये. जेमतेम गोळा करून वर खोल फुली कापावी आणि २०० अंश सेल्सिअसला साधारण चाळीस मिनिटे भाजावे. फडक्यात धरलेल्या पावाच्या तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की तो झाला. टिचकी मारण्याचे काम मात्र धाकटीकडे द्यावे.