कमिशन 40 टक्के, पण कशाचे?

प्रश्न: ऑनलाइन कसिनोचं ॲफिलिएट काम करतोय, म्हणजे माझ्या लिंकवरून प्लेअर पाठवायचे आणि त्यांच्यावरच्या कमाईत हिस्सा घ्यायचा, रेव्हेन्यू शेअर 40 टक्के. सुरुवातीला थोडं थोडं येत होतं, मग एका महिन्यात डॅशबोर्डवर मायनस 2640 दिसलं आणि त्यानंतर दोन महिने काहीच जमा नाही. प्लेअर तर खेळतायत. मला फसवलंय का?

फसवलं असं लगेच म्हणू नका, आधी साइन-अप करताना न वाचता टिक केलेल्या त्या टर्म्स उघडा. हे 40 टक्के प्लेअर जेवढे हरले त्याचे नसतात, ते नेट रेव्हेन्यूचे असतात. म्हणजे हरलेल्या रकमेतून आधी बोनसचा खर्च जातो, मग पेमेंटची फी, कुठे टॅक्स, कुठे ॲडमिन फी, आणि उरेल त्यातले तुमचे 40 टक्के. समजा तुमचे प्लेअर मिळून 4000 हरले, बोनसचे 1000 आणि फीचे 600 वजा झाले, राहिले 2400, तुमचे 960. तुम्ही मनात 1600 धरलेले असतात.

आता पुढच्या महिन्यात बाकी सगळं तस्संच, पण एकच प्लेअर 9000 जिंकला. मग 4000 वजा 9000 वजा 1600, म्हणजे मायनस 6600, त्याचे 40 टक्के मायनस 2640. तुमचा आकडा नेमका असाच आला असेल असं नाही, पण येतो तो असाच. आणि टर्म्समध्ये निगेटिव्ह कॅरीओव्हर असेल तर हे मायनस पुढच्या महिन्यात जातं, तुमची महिन्याची 960 ची कमाई दोन महिने त्यातच जिरते आणि तिसऱ्या महिन्यात कुठे 240 हातात पडतात. काही प्रोग्रॅम दर महिन्याला खातं शून्यावर आणतात, काही ठिकाणी हाय रोलर क्लॉज असतो, म्हणजे त्या एका मोठ्या प्लेअरचं मायनस वेगळं ठेवतात आणि त्याच्याकडूनच वसूल होईपर्यंत बाकीच्यांचं कमिशन तुम्हाला मिळत राहतं. अजून एक बघा, एकाच कंपनीचे चार ब्रँड असतील तर सगळ्यांचा हिशोब एकत्र धरतात का, कारण मग एका ब्रँडचा तोटा दुसऱ्याचा नफा खातो.

माझं स्पष्ट मत सांगतो, आठ-दहा प्लेअर असलेल्या नवीन माणसानं नुसत्या रेव्हेन्यू शेअरवर जाऊच नये. एवढ्या कमी लोकांत एकाला लागलं की सगळं पाण्यात. सीपीए घ्या, म्हणजे डिपॉझिट करणाऱ्या प्रत्येक प्लेअरमागे ठरलेली रक्कम, किंवा थोडं हे थोडं ते असं हायब्रिड मागा. सीपीएमध्ये पण किमान किती डिपॉझिट झालं तर प्लेअर मोजणार हे विचारून घ्या, आणि जे ठरेल ते ट्रॅफिक पाठवायच्या आधी मॅनेजरकडून मेलवर लिहून घ्या. मी हे फोनवर ठरवलं होतं, वर्षभरानं त्या प्रोग्रॅमनं जुन्या प्लेअरवरचा शेअर सुद्धा निम्मा केला आणि 'टर्म्स कधीही बदलू शकतो' ही ओळ दाखवली. माझ्याकडे दाखवायला एकही मेल नव्हता.

प्रश्न: बोनसचे चाळीसेक रिव्ह्यू लिहिलेत, लोक क्लिक करतात पण टिकत नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही पाठवलेले तीन रिव्ह्यू वाचले, तिन्हींत '100 टक्के बोनस, फ्री' आणि खाली बटण. हे फ्री नाहीये हो. 100 चा बोनस, 35 पट वेजरिंग, म्हणजे 3500 ची बेट लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. स्लॉटचा आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशातून सरासरी परत मिळणारा वाटा, 96 टक्के धरला तर 3500 वर सरासरी 140 जातात. 100 मिळवायला 140! हा हिशोब रिव्ह्यूत सगळ्यात वर लिहा. रूलेट, ब्लॅकजॅकसारख्या टेबल गेम्सची बेट या 3500 मध्ये बऱ्याच ठिकाणी 10 टक्केच मोजतात, हेही लिहा. वाचणारा तुमच्या भरवशावर स्वतःचे पैसे लावतोय, त्याला हे आधी कळलंच पाहिजे.

दुसरं म्हणजे स्वतः अकाउंट उघडा, थोडे पैसे टाका, काढून बघा, किती दिवस लागले, कुठली कागदपत्रं मागितली ते लिहा. लायसन्स नंबर साइटच्या तळाशी दिसतो म्हणून खरा धरू नका, ब्रिटन आणि माल्टाच्या रेग्युलेटरची यादी सगळ्यांना खुली आहे, तिथे जुळवा. आणि दुसऱ्याच्या नावाजलेल्या साइटवर जागा भाड्यानं घेऊन रँक करायचा शॉर्टकट सोडून द्या, गूगलनं मार्च 2024 मध्ये त्यावर पॉलिसी आणली आणि मेपासून कारवाई सुरू केली.

प्रश्न: मी फक्त लिंक देतो, कायदा तर कसिनोला लागतो ना?

फक्त कसिनोला नाही, फटका तुम्हालाही बसतो. ब्रिटनमध्ये ॲफिलिएटनं केलेल्या जाहिरातीची जबाबदारी लायसन्सवाल्या कंपनीवर येते, त्यामुळे तुमची एक चूक झाली की ती कंपनी तुम्हालाच आधी बाहेर काढणार. इटलीनं 2018 मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर बंदी घातली. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाच्या खेळांची नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. वाचक जिथला, तिथला कायदा बघा, आणि तिथे बंदी असेल तर ते काम घ्यायचंच नाही, लिंक फिरवून-फिरवून द्यायची तर अजिबात नाही.

आणि मेल लिस्ट असेल तर एक ऐका. मला एकदा एका बहिणीचा मेल आला होता, तिच्या भावानं कसिनोत सेल्फ-एक्सक्लूजन घेतलेलं, म्हणजे मला खेळू देऊ नका असं स्वतःहून सांगितलेलं, आणि दोन आठवड्यांनी माझा बोनसचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये. तो परत खेळला होता. कसिनोची यादी माझ्यापर्यंत पोचत नव्हती आणि मी कधी विचारलंही नव्हतं. आता प्रोग्रॅम घेताना माझा पहिला प्रश्न तोच असतो, ही नावं तुम्ही मला कशी आणि किती दिवसांनी कळवणार, आणि नीट उत्तर आलं नाही तर मी सही करत नाही.