वहीतलं देवनागरी फ्रेंच आणि इतर प्रश्न

फ्रेंचची परीक्षा कुठली द्यायची, डेल्फ की टेफ, किती महिने लागतील, अ‍ॅप पुरेल का? गावं बदलतात, पत्रं बदलतात, गोंधळ मात्र तोच. म्हणून फ्रेंचचा श्रीगणेशा करणाऱ्यांची काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

माझं वय 58. आता फ्रेंच जमेल का? (नाशिक)

जमेल. ऐकू कमी येत असेल तर वर्ग लावण्याआधी कान तपासून घ्या. हेडफोनचा आवाज वाढवून भागत नाही.

मुलाने दहावीला संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलं होतं, गुण नव्वदच्या वर पडले. आता तो थेट बी वनच्या वर्गात बसू शकेल ना? (ठाणे)

त्या गुणांचा आणि बी वनचा काडीचा संबंध नाही. 'फ्रेंच स्कोअरिंग आहे' या एका वाक्यावर आपल्याकडे पोरं भाषा निवडतात, रिकाम्या जागा भरतात, गुण घेतात आणि विसरून जातात. ए वन ते सी टू या खालून वर जाणाऱ्या पायऱ्या तुम्हाला त्या भाषेत काय करता येतं ते सांगतात. बी वन म्हणजे प्रवासात अडलं तर निभावून नेणं, घडलेला प्रसंग सांगणं, आपलं मत दोन कारणांसह मांडणं. मुलाला रेल्वे स्टेशनवरची अर्ध्या मिनिटाची फ्रेंच घोषणा ऐकवा आणि गाडी कितव्या फलाटावर येतेय ते विचारा. मग संस्थेत नेऊन लेव्हल टेस्ट द्यायला लावा आणि ते सांगतील त्या वर्गात बसवा. ए टूमध्ये बसवलं तर नाक कापलं जात नाही.

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, फ्रेंच शिकतोय. क्लासवाले म्हणतात आधी डेल्फ करा, मग तीन महिन्यांत टेफ, गॅरंटीसह. फी भरू का? (पिंपरी)

थांबा. एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या योजनेसाठी कॅनडा सरकार फ्रेंचच्या दोनच परीक्षा मानतं: टेफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. तिथे डेल्फ चालत नाही. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर टिकतं आणि फ्रान्समधल्या विद्यापीठांसाठी उपयोगी पडतं, पण ते तुमचं काम नाही. टेफ-टीसीएफचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून 'एकदा देऊन ठेवू' हा हिशेबही चुकीचा.

आता तीन महिन्यांचं बघू. फ्रेंच येणाऱ्यांना पीआरसाठी बोलावण्याच्या ज्या वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यांत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी 7, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पातळी, लागतं. ते साधारण बी टूच्या आसपास येतं. शून्यापासून बी टूपर्यंत सुमारे 600 तास शिकवणी धरतात, घरचा अभ्यास वेगळा. आठवड्याला सहा तासांचा वर्ग असेल तर दोन वर्षं झाली. तेच तीन महिन्यांत बसवायचं तर आठवड्याला 46 तास वर्गात बसावं लागेल. नोकरी सांभाळून बसता का ते तुम्हीच ठरवा. गॅरंटी कसली, कुठल्या पातळीची, नापास झालात तर पैसे परत मिळणार का, हे लेखी मागा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं. नियम बदलत राहतात, त्यामुळे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट स्वतः वाचा. क्विबेकचे नियम वेगळे आहेत. सल्लागार नेमणार असाल तर त्याचं नाव तिथल्या नियामक संस्थेच्या यादीत आहे ना, ते पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मुलगी चार वर्षांची आहे, बोलायला उशीर झालाय. मुलांच्या फ्रेंच वर्गाचे लोक म्हणतात, आता नाही तर कधीच नाही. (पुणे)

आधी कानांची तपासणी आणि स्पीच थेरपिस्ट, याच आठवड्यात. वर्ग कुठे पळून जात नाही. घरात दोन-तीन भाषा असल्यामुळे मूल उशिरा बोलतं ही ऐकीव गोष्ट आहे, पण तिच्या भरवशावर वाट पाहत बसणं जास्त वाईट. 'आता नाही तर कधीच नाही' हे वाक्य फी गोळा करण्यासाठी असतं.

मी प्रत्येक फ्रेंच शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून पाठ करते. मैत्रीण म्हणते हे चूक आहे. देवनागरीत तर सगळे उच्चार लिहिता येतात ना? (कोल्हापूर)

नाही येत. मैत्रिणीचं ऐका.

इथे मलाही उच्चार देवनागरीतच लिहावे लागताहेत, म्हणून पुढचे शब्द नुसते वाचून सोडू नका, ऑनलाइन शब्दकोशात कानाने ऐका. 'च्या वर' यासाठी एक शब्द आहे (dessus), 'च्या खाली' यासाठी दुसरा (dessous). तुमच्या वहीत दोन्ही 'दसू' होणार. दुसऱ्यातला स्वर आपला 'ऊ' आहे, पहिल्यातला आपल्याकडे नाहीच. 'ई' म्हणा, जीभ जिथे आहे तिथेच ठेवा आणि ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. जो आवाज निघेल तो हवा आहे. त्याला देवनागरीत अक्षर नाही, म्हणून वहीत तो 'ऊ' किंवा 'यू' होतो आणि जिभेवर तसाच बसतो. मग तुम्ही वस्तू फळीच्या वर ठेवायला सांगता आणि समोरचा फळीखाली वाकतो.

अनुनासिकांचं तसंच. वाइन (vin), वारा (vent) आणि 'ते जातात'मधलं 'जातात' (vont) हे तीन शब्द ऐकताना फक्त स्वराने वेगळे आहेत. वह्यांमध्ये मला तिन्हींच्या जागी 'व्हाँ' दिसतो. वर शेवटी एक 'न' किंवा 'ग' चिकटवलेला असतो, 'बाँ'चा 'बोंग' होतो. उलट 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यांतली क्रियापदं तीन तऱ्हांनी लिहितात आणि तिन्ही 'पार्ल' अशीच ऐकू येतात. वहीत एकच 'पार्ल' असेल तर श्रुतलेखनात काय लिहाल? आणि जी अक्षरं एरवी गप्प असतात, ती पुढे स्वर आला की जागी होतात: 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी' (les amis, मित्र).

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी ऐका, म्हणा, फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका, मग स्पेलिंग बघा आणि स्पेलिंगच लिहा. खूण करायचीच असेल तर गप्प अक्षरांवर पेन्सिलीने फुली मारा. घशातल्या 'र'ची एवढी चिंता नको. आपला 'र' लोकांना कळतो, त्यावरचे व्हिडिओ लोकांना का आवडतात देव जाणे. पण आपले ओठ आपल्याला दिसत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी शिक्षकासमोर बसाच. सहा महिने घोटलेला चुकीचा स्वर काढायला सहा महिन्यांहून जास्त लागतात.

आमच्या घरात आजी पोर्तुगीज बोलते, मलाही येतं. फ्रेंच सोपं जाईल? (मडगाव)

वाचताना हो, ऐकताना फारसं नाही. अनुनासिक स्वरांना तुम्ही घाबरणार नाही, हा फायदा. लिंग मात्र गृहीत धरू नका: 'प्रवास' पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी.

सत्तरला 'साठ-दहा', ऐंशीला 'चार-वीस'! हे कसं लक्षात ठेवायचं? (सांगली)

एकोणसाठ आणि एकोणसत्तर बिनतक्रार पाठ केलेल्या माणसाने ही कुरकुर करू नये. खरी अडचण फोन नंबर लिहून घेताना येते. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. 'सोआसांत' (साठ) ऐकलं की हात 6 लिहितो, मागून 'केंझ' (पंधरा) येतं आणि 6 खोडून 75 करावे लागतात. तेव्हा 'सोआसांत' आलं की पेन उचलून धरा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सरळ शब्द आहेत. ते परीक्षेत वापरायचे का, हे आपल्या शिक्षकांना विचारा.

अ‍ॅपवर सलग 200 दिवस पूर्ण झाले. माझं ए वन झालं का? (छत्रपती संभाजीनगर)

अ‍ॅपला तुम्ही रोज आलात एवढंच कळतं. डेल्फ ए वनच्या नमुना प्रश्नपत्रिका ही परीक्षा घेणाऱ्या फ्रान्स एज्युकासिआँ इंटरनॅसिओनाल या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट आहेत. घड्याळ लावून एक सोडवा. एकूण 100 गुण, पास व्हायला 50, आणि चारही भागांत 25 पैकी किमान 5 हवेतच. तोंडी भाग स्वतःचा स्वतः तपासता येत नाही. स्वतःची ओळख करून देणं, कार्डावरच्या शब्दांवरून प्रश्न विचारणं आणि दुकानात काहीतरी विकत घेण्याचा प्रसंग, एवढंच असतं, पण समोर माणूस लागतो. एखाद्या शिक्षकाचा तासभर वेळ घ्या. ते हो म्हणाले तर जवळच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षेच्या तारखा विचारून लगेच नाव नोंदवा. 'पुढच्या सत्रात बघू' म्हणणारे वर्षानुवर्षं अ‍ॅपवरच आहेत.