बारावी कॉमर्स, बडोदा. फॅशन डिझाइन करू की अ‍ॅडव्हर्टायझिंग? ड्रॉइंग बेताचंच आहे

तू लिहिलंयस की बारावी कॉमर्सला आहेस, दांडिया बाजारात राहतेस, फॅशन आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग दोन्ही आवडतं, ड्रॉइंग बेताचं आहे, आणि घरचे म्हणतात एवढी फी भरून शेवटी शिंपीकामच करणार ना. बारावीतली आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सची, अप्लाइड आर्ट्स (म्हणजे जाहिरातीचं डिझाइन) केलं, मग अहमदाबादला एका जाहिरात एजन्सीत होते, लग्नानंतर परत बडोद्यात आले आणि आता घरून पॅकेजिंगची कामं घेते, म्हणजे फरसाणाची पाकिटं, औषधांची खोकी, मधूनच एखाद्या साडीवाल्याचं होर्डिंग. फॅशनमधलं मला जे कळतं ते नणंदेमुळे. ती एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होम सायन्सची, क्लोदिंग अँड टेक्स्टाइल केलेली, आणि बंगळुरूला एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे बायरची ऑर्डर सॅम्पलपासून शिपमेंटपर्यंत सांभाळणारी.

दोन्ही आवडतं म्हणतेस ना, मग आवडीवरून काही ठरणार नाही. दोन्हीकडचं रोजचं कंटाळवाणं काम काय असतं ते बघ आणि त्यातलं कुठलं तुला वर्षानुवर्षं झेपेल ते ठरव, कारण रॅम्प आणि अवॉर्ड फंक्शन वर्षातून एखाद दिवशी, तेही नशिबात असलं तर.

फॅशनचं कंटाळवाणं काम म्हणजे काय, तर नणंदेचा दिवस सांगते. बायर परदेशात बसलेला, त्याला एक निळा कुर्ता हवा, आता निळा म्हणजे कुठला, तर डाइंगवाला त्या निळ्याचे दोन-तीन तुकडे रंगवून देतो त्याला लॅब डिप म्हणतात, ते लाइट बॉक्समध्ये धरून बघायचे कारण ट्यूबलाइटखाली एक दिसतं आणि उन्हात दुसरंच, मग कुरियर करायचे, बायर म्हणतो किंचित लाल मारतोय, परत रंगवा. हे चालू असताना दुसरीकडे टेक पॅक वाचायचा, त्यात खांद्यापासून घेरापर्यंत प्रत्येक माप आणि किती कमी-जास्त चालेल ते लिहिलेलं असतं, एका कुर्त्याला कापड किती लागेल, वाया किती जाईल, बटण, दोरा, लेबल, पॉलिबॅग सगळं धरून एका पीसची किंमत काढायची आणि शिपमेंटच्या तारखेपासून उलटं मोजत कुठलं काम कधी व्हायला हवं त्याचा तक्ता ठेवायचा. आता सांग, यात ड्रॉइंग कुठं आलं? आणि कॉस्टिंग म्हटल्यावर कॉमर्सवाल्यांना घाम फुटत नाही, सायन्सवाल्या मुली तिथे चाचपडतात असं नणंदच म्हणते. डिझायनर म्हणून नाव लागणाऱ्या खुर्च्या मोजक्याच असतात, मर्चंडायझिंग, सॅम्पलिंग, क्वालिटी, सोर्सिंग (कापड-सामान कुठून घ्यायचं ते), रिटेलचं बायिंग, व्हिज्युअल मर्चंडायझिंग (दुकानाची मांडणी) यात नोकऱ्या त्याच्या कितीतरी पट असतात आणि हे कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं.

आता ते शिंपीकाम. घरच्यांना सांग की एक्स्पोर्ट हाऊसमध्ये पॅटर्न मास्टरला, म्हणजे कपड्याचे कागदी साचे काढणाऱ्याला, सगळे मास्टरजी म्हणतात आणि नवीन आलेला डिझायनर त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा असतो. नणंद शिकत होती तेव्हा घरी मांजरपाटावर बाही बसवायची, मी शेजारी बसून बघायचे. बाहीचा वरचा गोल आणि मुंढ्याचा गोल यांची मापं सारखी नसतात, बाहीचा गोल थोडा जास्त ठेवतात आणि ते जास्तीचं कापड चुणी न पडता त्या गोलात जिरवायचं असतं. जमलं नाही की खांद्यापाशी बाही चुणावलेली दिसते. ती उसवायची, परत टाचण्या लावायची, परत टीप मारायची, संध्याकाळभर तेच. मला पंधरा मिनिटांत जांभया यायला लागायच्या आणि तिला भूक लागल्याचंही कळायचं नाही. मी फॅशनला का गेले नाही याचं उत्तर मला तिथंच मिळालं म्हण ना.

अ‍ॅडव्हर्टायझिंगचं कंटाळवाणं वेगळं. लोकांना वाटतं एजन्सीत बसून भन्नाट लाइन सुचायची वाट बघतात. एक मोठी आयडिया पास झाली की त्याच्यामागे महिनोन् महिने अडॅप्टेशन येतं, म्हणजे तेच डिझाइन होर्डिंगला आडवं, स्टोरीला उभं, पेपरात क्वार्टर पेज, दुकानाच्या दारावरची पट्टी, आणि प्रत्येकात क्लायंटचा लोगो थोडा मोठा. माझ्या टेबलावर आत्ता एक लिलो चेवड्याचं (बटाट्याचा ओलसर गुजराती चिवडा) पाकीट आहे. त्यावर हिरव्या चौकोनात शाकाहारीचा हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा) नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, घटकपदार्थ, बॅचची रिकामी चौकट, आणि वर-खाली सीलिंगची जागा सोडायची कारण तिथे अक्षर गेलं की मशीन चिकटवून टाकतं. आणि वजनाच्या आकड्याची उंचीसुद्धा नियमाने किमान किती हवी ते ठरलेलं आहे, क्लायंट कितीही म्हणाला बारीक करा तरी होत नाही. अशी पाकिटं बहुतेक ग्रॅव्ह्युअरवर छापतात, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात, तो कोरून झाल्यावर स्पेलिंग चुकलेलं दिसलं तर परत सिलिंडरचा खर्च. म्हणून मी एकेक अक्षर उलटं वाचते, शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे डोळा घसरत नाही. हे वाचून तुला मजा वाटली असेल तर तू या बाजूची, आणि कधी संपतंय असं झालं असेल तर तेही कळलंच.

अर्थात एजन्सी म्हणजे फक्त आर्टवाले नाहीत. कॉपी रायटर (जाहिरातीचा मजकूर लिहिणारे), क्लायंट सर्व्हिसिंग (क्लायंटशी बोलणारे), प्लॅनिंग, मीडिया बायिंग (जाहिरातीची जागा-वेळ विकत घेणारे), आता डिजिटलमध्ये तर दिवसभर आकडे बघणारे वेगळेच. जाहिरातीतलं मोठं नाव पियूष पांडे, ते १९८२ साली ओगिल्व्ही या एजन्सीत आले ते क्लायंट सर्व्हिसिंगला, त्याआधी चहाची चव बघायची नोकरी करत होते, शिकले होते इतिहास. कॉपी रायटरला बहुतेक एजन्स्या डिग्रीपेक्षा कॉपी टेस्ट देऊन बघतात. आणि इथे आपल्या बडोद्याच्या मराठी पोरांचा एक फायदा आहे जो आपल्याला फायदा वाटतच नाही, घरात मराठी, बाहेर ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. मुंबईत हिंदीत लिहिलेल्या जाहिराती मराठी-गुजरातीत शब्दाला शब्द ठेवून उतरवलेल्या आपण रोज ऐकतो आणि कान किटतात, त्या धड लिहिणारं माणूस त्यांना सारखं हवं असतं.

आणि हे दोन धंदे एकमेकांपासून लांब नाहीत हेही लक्षात घे. अहमदाबादची मुद्रा एजन्सी १९८० मध्ये उभी राहिली ती रिलायन्सच्या विमल कापडाच्या जाहिरातींवर, ए. जी. कृष्णमूर्तींनी काढली, पुढे त्याच मुद्रामधून १९९१ मध्ये मायका ही जाहिरात-कम्युनिकेशन शिकवणारी संस्था निघाली. म्हणजे आज जिथे पोरं जाहिरात शिकायला तडफडतात त्याच्या मुळाशी साडीचं आणि सूटाचं कापडच आहे. निफ्टमध्ये (फॅशनची सरकारी संस्था, पुढे सांगते) फॅशन कम्युनिकेशन नावाचा कोर्स तर या दोन्हीच्या बरोबर मध्ये आहे, स्टायलिंग, ग्राफिक्स, फॅशनचं लिखाण, दुकानाची मांडणी, तुझा गोंधळ बघता तो नक्की बघ.

आता कुठे शिकायचं. निफ्ट केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं, १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं, आपल्याला जवळचं गांधीनगर. बी. डिझ. (डिझाइनची डिग्री) चार वर्षांचं आणि बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त बी. एफटेकला (फॅशन टेक्नॉलॉजी) फिजिक्स-मॅथ्स लागतं, ते तुझ्यासाठी बाद. परीक्षेत एक जनरल पेपर, एक क्रिएटिव्ह पेपर आणि त्यातून पुढे गेलीस तर सिच्युएशन टेस्ट, म्हणजे कागद-दोरा-तार असलं सामान हातात देतात आणि दिलेल्या वेळात त्यातून काहीतरी उभं करायचं. एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) अहमदाबादच्या पालडीचं, १९६१ चं, तिथे परीक्षा दोन टप्प्यांत आणि सीट फारच थोड्या, टेक्स्टाइलला जायचं असेल तर मात्र त्याच्यासारखं नाही. दोन्हीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास येतात, बोर्डाच्या अभ्यासात लोक विसरतात आणि मग वर्ष जातं. खर्च मात्र घरी स्पष्ट सांग, निफ्टची चार वर्षं हॉस्टेल-सामान धरून दहा लाखांच्या सहज पुढे जातात.

म्हणून मी तुला आधी घराजवळचं बघायला सांगीन. फाइन आर्ट्स १९५० पासून आहे, अप्लाइड आर्ट्स चार वर्षांचं, स्वतःची प्रवेश परीक्षा असते, फी त्या मानाने फारच कमी आणि घरून डबा. होम सायन्सचं आता नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस झालंय पण रिक्षावाल्याला होम सायन्सच सांग, तिथलं क्लोदिंग अँड टेक्स्टाइल ग्लॅमरस अजिबात नाही, धागा, विणकाम, रंगाई, कापडाच्या टेस्टिंगची लॅब, पण कापड कळतं. आणि तिसरा रस्ता जो कोणी सांगत नाही, इथेच बी. कॉम. कर, तीन-चार वर्षांत डोकं शांत होईल, आणि मग निफ्टचं फॅशन मॅनेजमेंटचं मास्टर्स किंवा मायका, दोन्हीला कुठलाही ग्रॅज्युएट चालतो. तोपर्यंत हात चालू ठेवायचा तर आयटीआयला शिवणकामाचा वर्षाचा ट्रेड आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी आर्ट कॉलेजांचं डोक्यात असेल तर डोमिसाइलचे नियम आधी वाच, आपण घरात कितीही मराठी असलो तरी कागदावर गुजरातचेच.

प्रायव्हेट इन्स्टिट्यूटबद्दल तू खास विचारलंयस. सगळ्या वाईट नसतात, पण भाचीबरोबर मी एका ठिकाणी गेले होते, नाव नाही लिहीत, काउन्सेलर बाई पहिल्याच दमात म्हणाल्या शंभर टक्के प्लेसमेंट आणि आज सीट बुक केली तर डिस्काउंट. मी विचारलं मागच्या बॅचच्या चार मुलींचे नंबर द्या, तर म्हणाल्या पॉलिसी नाही. मग विचारलं मशीन किती, पॅटर्न टेबल कुठेय, तर दाखवली ती एअर कंडिशन्ड लॉबी. तुला हेच करायचंय. डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची ते लेखी माग, मशीनरूम बघ, मशीनवर धूळ आहे का दोऱ्याचे तुकडे आहेत ते बघ, आणि शिकवणारं माणूस स्वतः इंडस्ट्रीत होतं का ते विचार. डिस्काउंट आजच्याच दिवशी असेल तर घरी निघून ये.

ड्रॉइंगचं फार मनावर घेऊ नकोस, पण बेताचं आहे म्हणून बसूनही राहू नकोस. परीक्षेत चित्र सुंदर आहे का यापेक्षा तू बघितलंयस का हे दिसतं. सुरसागर तलावाच्या पाळीवर बसून माणसं काढ, स्कूटरवर साडी सावरून बसलेली बाई, भेळवाल्याचे हात. रोज. वाईट आली तरी फाडू नकोस, तारीख टाकून ठेव.

आणि नवरात्रीच्या आधी आपल्या ‘नवा बाजार’मध्ये एक चक्कर मार, खरेदी न करता. दोन चणियाचोळ्या शेजारी धरून विचार की हिची किंमत तिच्या दुप्पट का. घेर किती मीटरचा, कळ्या किती, भरतकाम हाताचं की मशीनचं, आभले काचेचे की प्लास्टिकचे, अस्तर काय घातलंय. दुकानदार गर्दी नसताना खुशीत सगळं सांगतात. मग घरी येऊन त्याच चणियाचोळीसाठी एक जाहिरात लिहून बघ, गुजरातीत एक आणि मराठीत एक. पहिल्या कामाला तू वहीभर टिपणं काढलीस की दुसऱ्याला, ते तुझं तुलाच दिसेल. अहमदाबादला जाणं झालं तर कॅलिको म्युझियम बघच, १९४९ चं आहे, फक्त आधी बुकिंग करावं लागतं, असंच गेलं तर दारातून परत पाठवतात.

(घरच्यांना बडोद्यात कसली आलीय फॅशन असं वाटत असेल तर सांग, शिफॉनच्या साड्यांची फॅशन आणली ती सयाजीराव महाराजांच्या लेकीने, इंदिराराजेंनी, आणि त्या इटलीच्या फेरागामोकडून बूट बनवून घ्यायच्या. आजीला हा किस्सा नक्की माहीत असेल, आणि त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेली सोयरीक मोडल्याचाही.)

फाइन आर्ट्सला उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षअखेरचं डिस्प्ले असतं, कोणीही जाऊ शकतं, मुलं स्वतःच्या कामाशेजारी उभी असतात, त्यांना खर्च किती आला आणि रात्री किती जागलात ते विचार, खरं सांगतात. नणंदेला काही विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये लिही, मी विचारून सांगते, फक्त शिपमेंट चालू असलं की ती आमचाही फोन उचलत नाही, तेव्हा उत्तराला उशीर होईल.