कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, कूलंट कमी होतं, पण गळती कुठेच दिसत नाही. हेड गॅस्केटच गेलं असेल का?

असू शकतं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. पण तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून ते सिद्ध होत नाही, त्यामुळे हेड उतरवायला अजून होकार देऊ नका. टाकीत बुडबुडे दिसतात, दर थोड्या दिवसांनी कूलंट घालावं लागतं, गाडीखाली ओल नाही, आणि गॅरेजमध्ये टाकीत डोकावून लगेच ‘हेड गॅस्केट गेलं’ असं सांगितलं, एवढं तुम्ही लिहिलंय. यात बुडबुडे कधी येतात हे कुठेच आलेलं नाही. मी इंजिनांचं काम करतो आणि अशा गाडीवर माझा पहिला प्रश्न तोच असतो. थंड इंजिन सुरू केल्याकेल्या येतात, गरम झाल्यावर येतात, की बंद केल्यावर?

अलीकडे कूलंट, एखादा पाइप किंवा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला असेल तर आत हवा अडकून राहते. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 95 अंशांदरम्यान उघडतो. तो उघडला की ही हवा भसाभसा बाहेर येते आणि पातळी एकदम खाली जाते. इंजिन एकदोनदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की हे थांबायला हवं. तोपर्यंत हीटरमधून कधी गरम, कधी गार हवा येणं आणि तापमानाचा काटा वरखाली होणंही होऊ शकतं, कारण सेन्सर हवेच्या पोकळीत सापडला तर खरं तापमान दाखवत नाही.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत टाकी स्वतःच दाबाखाली असते आणि एका बारीक पाइपातून कूलंट तिच्यात सतत परत येत असतं. त्या धारेमुळे पृष्ठभागावर फेस दिसतो. पातळी कमी असेल तर जास्तच दिसतो. हे पाहून घाबरलेले लोक मला बरेच भेटतात, आणि यात काहीही बिघडलेलं नसतं.

इंजिन बंद केल्यावर टाकीत गुडगुड होत असेल तर आधी कॅपवर, म्हणजे टाकीच्या किंवा रेडिएटरच्या झाकणावर, संशय घ्या. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. कॅपने 1 बारच्या आसपास दाब धरला की हाच आकडा 125 च्या पुढे जातो. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही, आणि इंजिन बंद होऊन पंप थांबल्यावर हेडमधल्या तापलेल्या भागांजवळ कूलंट उकळतं. ते वाफेच्या रूपाने निघून जातं, जमिनीवर थेंब पडत नाही. कॅपमध्ये आणखी एक छोटी झडप असते, ती इंजिन थंड होताना कूलंट किंवा हवा परत आत घेते. ती अडकली तर थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. कॅप ही या सगळ्यातली सर्वात स्वस्त वस्तू आहे, तरी तीच शेवटी तपासली जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता खरी काळजी करायची वेळ. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कॅप सकाळी उघडा, म्हणजे रेडिएटरला कॅप असेल तर रेडिएटरची, नसेल तर टाकीची. कूलंट काठोकाठ भरा, इंजिन सुरू करा आणि पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं पाहत राहा. इंजिन अजून गार असतं, त्यामुळे उकळण्याचा प्रश्नच नाही. तरीही बारीक बुडबुडे एका लयीत, न थांबता येत असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर तो वायू सिलिंडरमधून येतोय असं समजायला मोठा आधार आहे. कूलंट गरम होऊन उसळायच्या आत इंजिन बंद करा. आणि गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. दाब सुटला की उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं.

आणखी एक खूण हाताला कळते. कॅप लावून थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहा, पंख्यापासून हात लांब ठेवून. पाइप कोमट व्हायच्या आधीच टणक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही. रात्रभर थांबूनही पाइप टणकच राहत असेल तर संशय आणखी पक्का होतो.

गळती न दिसता कूलंट कसं जातं, तेही इथेच कळतं. जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब कित्येक दहा बार असतो, कूलंटचा जेमतेम एक. त्यामुळे गॅस्केटमधल्या केसासारख्या फटीतून वायू कूलंटमध्ये घुसतो आणि कूलंटला ढकलून टाकीबाहेर काढतो. इंजिन बंद झालं की सिलिंडरचा दाब संपतो, कूलंटचा मात्र काही वेळ उरतो. मग तेच कूलंट त्याच फटीतून सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी इंजिन काही सेकंद अडखळत चालतं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. तुमच्या गाडीत असं होतं का, ते जरूर पाहा.

एवढ्यावरही मी हेड उतरवत नाही. ज्वलनवायू तपासायचं एक निळं द्रव मिळतं. टाकीच्या तोंडावर नळी बसवून कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढतात. हवेत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं होतं, डिझेलमध्ये बहुधा हिरवट. नळीत कूलंट शिरलं तर चाचणी वाया गेली, म्हणून पातळी आधी थोडी खाली घ्यावी लागते. फट बारीक असेल आणि फक्त चढावर किंवा जोर पडल्यावर उघडत असेल, तर जागेवर उभ्या गाडीत रंग बदलत नाही. तेव्हा एकेक सिलिंडर संकोचनाच्या शेवटी, दोन्ही झडपा बंद असताना आणून त्यात दाबाची हवा सोडायची आणि टाकीत बुडबुडे येतात का पाहायचं. यात कोणता सिलिंडर दोषी आहे तेही कळतं.

गाडी डिझेल असेल तर हे नीट वाचा. ईजीआर कूलर म्हणजे इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग. त्यात एक्झॉस्टचा वायू आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त पातळ धातूची भिंत असते. ती फुटली तर बुडबुडे येतात, कूलंट गायब होतं, द्रवाचा रंगही बदलतो, आणि गॅस्केट मात्र शाबूत असतं. कूलर वेगळा काढून दाबाखाली तपासल्याशिवाय डिझेलच्या हेडला हात लावू देऊ नका.

निळ्या द्रवाचा रंग बदललाच नाही, तर हातपंपाने थंड यंत्रणेत कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरा आणि पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा पाहा. काटा उतरला तर वॉटर पंपाखालचं छोटं भोक पाहा, पाइपांच्या जोडांवर हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खपली शोधा, डॅशबोर्डखालचा गालिचा दाबून पाहा. काचेवर आतून तेलकट धुकं आणि केबिनमध्ये गोड वास असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिनची हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतंय. गरम धातूवर पडलेला थेंब जागीच वाळतो, म्हणून गाडीखाली कोरडं दिसतं.

तेलाच्या झाकणाखाली मळकट पांढरी साय दिसली तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. कमी अंतरावर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती जमते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर मात्र इंजिन सुरू करू नका. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकायचा सल्ला मिळेल, तो मी देणार नाही. गळती थांबली तरी हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबण्याचा धोका राहतो.

आणि तपासणीत गॅस्केटच निघालं, तर नवं बसवण्याआधी हेडवर सरळपट्टी ठेवून त्याला बाक आलाय का ते पाहायला आणि तडा गेलाय का ते दाबाखाली तपासायला सांगा. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवेच हवेत. गॅस्केट बऱ्याचदा इंजिन तापल्यामुळे जातं. अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला पंखा किंवा तुंबलेला रेडिएटर तसाच राहिला, तर नवं गॅस्केटही जाईल. पेट्रोल की डिझेल, आणि सकाळच्या थंड इंजिनात काय दिसलं, एवढं कळवा. पुढची पायरी त्यावरून सांगतो.