कामावरची इजा, विमा आणि खोटे दावे : वाचकांचे प्रश्न

देवगडचे एक बागायतदार : गडी म्हणतो, सकाळी आंबा काढताना कलमावरून पडलो. बाकीचे सांगतात, आदल्या रात्री कबड्डीत त्याचा गुडघा दुखावला. विमा कंपनीला कळवू का?

कळवा, आणि आजच. पण ‘खोटं बोलतोय’ असं लिहू नका. दिसलं तेवढंच लिहा : कुठलं झाड, किती वाजले होते, शिडी होती का, जवळ कोण होतं. तुमच्या खर्चाने त्याची डॉक्टरी तपासणी करा. कायद्याने मालकाला तो हक्क आहे. सूज ताजी की शिळी, हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ‘कशाने लागलं’ म्हणून जे लिहिलं जातं, त्याला पुढे सगळ्यात जास्त वजन येतं. आणि साक्षीदार नाही म्हणून दावा खोटा धरू नका. झाडावर माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो.

राजापूरचे चिरेखाण मालक : माणसं बारा, विमा चौघांचा. विमा नसलेल्या एकाचा अंगठा गेला. एजंट सुचवतो, हजेरीत नाव बदलू.

मुळीच बदलू नका. ही सरळ फसवणूक आहे, आणि ती कामगाराची नाही, तुमची ठरेल. हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर बसतो, म्हणून माणसं आणि मजुरी कमी दाखवण्याचा मोह होतो. पण जखम एकाची आणि आधार कार्ड दुसऱ्याचं, हे दवाखान्याच्या कागदांतच उघडं पडतं. खोटे कागद केले तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा.

विमा नसला तरी भरपाई तुमच्यावरच. अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरतात. कामगार 30 वर्षांचा आणि मजुरी महिना 15,000 असेल, तर हिशोब असा : मजुरीचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले कायद्यातल्या तक्त्यातला वयाचा गुणक 207.98, त्याचे 30 टक्के. साधारण 5 लाख 61 हजार. दवाखान्याचा खर्च वेगळा. विनाकारण टाळाटाळ केलीत तर व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंडही. पुढच्या नूतनीकरणाला बाराच्या बारा जणांची खरी मजुरी दाखवा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला खलाशी : बोटीवरच्या विंचमध्ये (दोर-जाळं ओढायच्या यंत्रात) हात अडकला. मालक म्हणतात, ‘घरी पडलो’ सांग, बिल मी भरतो.

नको, दादा. मालकांचा हेतू वाईटच असेल असं नाही, पण एकदा ‘घरी पडलो’ लिहिलं की उद्या खरं सांगूनही खोटे तुम्हीच ठरता. डॉक्टरांना विंचचंच सांगा. तांडेलाकडून (बोटीच्या प्रमुखाकडून) तारीख घालून लिहून घ्या, विंचचा फोटो ठेवा. हक्क सोडल्याचा कागद कुणी सही करून घेतला, तरी कायद्यात तो रद्दबातल. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. ती अशा तडजोडीत घालवू नका.

गुहागरचे ठेकेदार : कामगार दारू प्यायलेला होता. भरपाई टळते?

अपघात थेट दारूमुळेच झाल्याचं तुम्ही सिद्ध केलंत तर टळू शकते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही.