मीनाकुमारी : चरित्र आणि ऐकीव गोष्टी

प्रश्न : विनोद मेहता यांनी लिहिलेले मीनाकुमारीचे चरित्र वाचले. लेखक तिला कधी भेटलेच नव्हते, मग त्यांच्यावर विसंबायचे कसे?

उत्तर : लेखकाने हे लपवलेले नाही, ही त्याची जमेची बाजू. पुस्तक तिच्या निधनाच्याच वर्षी, १९७२ मध्ये आले; तेव्हा लोकांच्या आठवणी ताज्या होत्या, तसेच हेवेदावेही ताजे असणार, म्हणून त्यातला ऐकीव मजकूर जपूनच घ्यावा. मात्र 'साहिब बीबी और गुलाम' या चित्रपटात तिने रंगवलेली, मद्याचा पेला हाती घेतलेली छोटी बहू म्हणजेच खऱ्या आयुष्यातली मीनाकुमारी, असे अनेक वाचक धरून चालतात, ते आम्हांला तरी पटत नाही. १९६३ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकने तिचीच होती; त्यामागे दुःखापेक्षा, पोरवयापासून कॅमेऱ्यापुढे केलेली मेहनत अधिक होती.